चाकाची साल

अण्णांनी खोकं माझ्या अंगणात ठिवलं आन् म्हणाले, "नाम्या, रविवारी गिऱ्हाईक येतंय. चाकं तेवढी नीट कर."

खोक्यात फवारायचे डबे. डास मारायचे असत्यात तसले. मी म्हणलं, "अण्णा, रंग मारायला ब्रश हाय की माज्याकडं."

"हा रंग न्हाई, रबर हाय. फवारलं की चाकावर कातडं बसतं, काळंभोर. मोबाईलवर दावतो. गिऱ्हाईकाला न्हाई आवडलं तर केळ्यावानी सोलून टाकायचं, खाली चाक हाय तसं."

"मंग लावायचंच कशाला?"

"इकायला," अण्णा म्हणाले आन् गेले.

गाडी अण्णांची. सहा चाकी ट्रक. चालवीत हुतो मी, अठरा वर्सं. ताम्हिणी घाट उतरायचा, कोकणात इटा टाकायच्या, येताना जांभा चिरा भरून आणायचा. लवासाचं काम जोरात हुतं तवा तिकडं फरश्या नेल्या, दिवसाला दोन खेपा. ते काम थांबलं, आन् हळूहळू आमी बी थांबलो. अण्णांनी पिरंगुटला जागेवर खोल्या बांधल्या, कंपनीतली पोरं भाड्यानं राहत्यात. आता ट्रक पोसायला परवडंना. मला म्हणाले, "खोल्यांवर ये. टाकी भरायची, मोटार चालू-बंद करायची. मोटार चालवायचीच सवय हाय तुला."

ट्रक माज्याच दारात उभा राहायचा, चिंचंखाली. रोज सकाळी मी जाऊन चालू करायचो. सांगायचो की बॅटरी उतरंल. खरं तर नुसता बसायचो आत, इंजनाचा आवाज ऐकत, स्टेरिंगवर हात ठिवून. आमची इंदू दारातनं इचारायची, "चा घरात घेताय का कोकणात आणू?"

तर गाडी इकली जाऊ ने असं मला वाटत हुतं, आन् ती इकली जावी म्हणून तिला नटवायचं काम बी मलाच. असला नवरदेव गावात दुसरा न्हाई.

अण्णांनी मोबाईलवर दावलेलं ध्यानात ठिवलं. डब्यावर इंग्रजीत बारीक लिहिलेलं हुतं. मला वाचता येतं ते रस्त्याकडंच्या दगडावरचं, त्यातले बी आकडेच. इंदू चौथी शिकलीय. तिनं डबा लांब धरला, जवळ धरला आन् म्हणाली, "हितं जाळ काढून वर फुली मारलीया. म्हंजी तुमी बिडी वढू नका." एवढं वाचन करून आमी कामाला लागलो.

हे काम असं असतं. आधी चाक धुयाचं, म्हंजी टायर न्हाई, मधली लोखंडी डिस्क. तारंच्या ब्रशनं गंज काढायचा, निरम्यानं धुयाचं, खडखडीत वाळू द्यायचं. जरा बी तेलकट राह्यलं तर रबर धरत न्हाई. सहा चाकं असली तरी मागची आतली दोन दिसत न्हाईत, म्हणून चारच करायची. आमच्याकडं देवाची बी दर्शनी बाजूच घासत्यात.

मंग टायर झाकायचा. मोबाईलमधला माणूस टायर आन् डिस्कच्या फटीत पत्त्याएवढे पुठ्ठे वळीनं उभे खोचीत हुता. मी घरातल्या लग्नपत्रिका काढल्या. पुठ्ठा झकास, एका चाकाला पंधरा-सोळा लागत्यात. अर्ध्या मुळशी तालुक्याची लग्नं मी चाकात खोचली. इंदू म्हणाली, "अवो, ही आपल्या सुमीची."

"लेक सुखात हाय, पत्रिका आता काय करायचीया?"

तिनं ती काढून घेतली आन् दुसऱ्या कुणाची तरी दिली.

फवारताना डबा चाकापासनं ईतभर लांब धरायचा. पयला हात इरळ, नुसती धूळ बसल्यावानी. पंधरा-वीस मिनटं थांबायचं. मंग दुसरा, तिसरा. पाच-सहा हात झाले पायजेत. पातळ राह्यलं तर पुढं सोलताना सलग निघत न्हाई, तुकडं पडत्यात. हे समदं मला ठाव हुतं. डब्याचं तोंड कुटल्या बाजूला हाय एवढंच बघायचं राह्यलं. पयला फवारा माज्या हनवटीवर.

पुसलं तर मिशीपत्तूर पसरलं. इंदू म्हणाली, "वाळू द्या की. सोलतंय म्हणं ते." वाळल्यावर तिनं सोललं. रबर आलं, आन् त्याच्यासंगं उजवीकडची मिशी आली. डावीकडची मग मी न्हाव्याकडनं काढली. तीस वर्सं जपलेली. पर एक कळलं, की माल चांगला हाय.

शनिवारी चारी चाकं झाली. पत्रिका काढल्या आन् लांब जाऊन बघितलं. काय सांगू. अठरा वर्सं जी गाडी चिखलात बघितली, ती शोरूममधनं आल्यावानी दिसायला लागली. मला लई वंगाळ वाटलं. नको एवढं चांगलं काम झालेलं. इंदूनं माज्याकडं बघितलं आन् चा आणला, गाडीपाशीच.

रविवारी हमीदभाई आले. पौडच्या बाजारात त्यांचं पत्र्यांचं आन् सिमेंटचं दुकान. स्कूटर लावली, अण्णांना सलाम केला, गाडीभवती एक फेरी मारली. सगळं बघून पुढच्या डाव्या चाकाशी थांबले.

"चाकं नवी घातली व्हय?"

"न्हाई," अण्णा म्हणाले, "जरा पॉलिश केलंय."

"सगळी गाडी जुनी आन् चाकंच नवी नवरी. का वो?"

मला त्यांचा रोख कळला. डिस्कला तडा गेला की काही लोक वेल्डिंग मारत्यात आन् वरनं रंग लावून गाडी इकत्यात. भरल्या गाडीत घाटात ते वेल्डिंग सुटलं, की खेळ खलास. हमीदभाईंना तीच शंका. अण्णांचा चेहरा पडला. आन् खोटं कशाला बोलू, मला आतनं जरा बरं वाटलं. म्हणलं, जातंय हे गिऱ्हाईक.

तेवढ्यात त्यांनी चाकावर बोट फिरवलं, त्येंच्या बोटाला धूळ लागली. रातभर चिंचंचा पाला आन् माती पडलेली. अण्णा माज्यावर खेकसले, "पूस की ते."

आता डायवर माणसाची एक सवय सांगतो. आमी गाडी पाण्यानं पुसत न्हाई. डिझेलमधी फडका भिजवायचा आन् चाकं, बंपर, समदं त्यानं पुसायचं. लोखंड चकाकतं, गंज धरत न्हाई. तो फडका सीटखाली कायम असतो, त्येच्याबिगर आमाला गाडीची पूजा बी करता येत न्हाई. माजा हात आपोआप सीटखाली गेला. फडका चांगला निथळत हुता. घेतला आन् चाक घासलं. मन लावून घासलं.

पयलं ते चकाकलं. मंग त्येला सुरकुत्या पडल्या, दुधावरच्या सायीवानी. मंग ते फडक्यासंगं चालायला लागलं. मी आणिक जोर लावला. सवय वाईट. काळं चिकाट माज्या बोटांना, फडक्याला, लेंग्याला. मागाहून खोलीवरच्या एका पोरानं डबा वाचून दावला. पेट्रोल-डिझेलपासनं लांब ठिवा, असं त्यावर सरळ लिहिलेलं हुतं. जाळाच्या चित्राच्या बरोबर खाली.

"नाम्या," अण्णा हळू आवाजात म्हणाले, "काय करतोयस तू?"

"पुसतोय."

"काय पुसतोयस?"

"आता बघितलं तर चाकच पुसलं जायला लागलंय."

हमीदभाईंनी मला बाजूला केलं. उकिडवे बसले, कडंला नखानं उचकटलं आन् राह्यलेली साल फर्रकन सोलली. खिशातला रुमाल काढून चिकाट पुसलं. मंग गुडघे टेकून, डोकं वाकडं करून त्यांनी ती डिस्क बघितली. नटांची भोकं एक एक बोटानं चाचपली. आमी दोघं उभे. अण्णा माज्याकडं अशे बघत हुते, की खोल्यांवरची नोकरी बी गेली असं मी धरून चाललो.

हमीदभाई उठले. "तडा न्हाई, वेल्डिंग न्हाई. घासलीया बी चांगली. एवढ्या जुन्या गाडीची डिस्क मी अशी बघितली न्हाई. झाकली कशाला रं मंग?"

अण्णांच्या अंगात जीव आला. "गाडी बघा, चाकं काय बघताय. चालवून बघा."

"मी न्हाई. ज्यानं चालवली त्यानं चालवावी. मी बाजूला बसतो."

धरणाकडच्या रस्त्यानं आमी निघालो. अण्णा घरीच थांबले. गेल्या सा महिन्यांत मी गाडी अंगणाबाहेर काढली नव्हती. पयला गिअर टाकला, आन् माज्या पायांना समदं आठवलं. वळणाला कुटं सोडायची, खड्डा कुटल्या बाजूनं घ्यायचा. उजवीकडं पाणी दिसायला लागलं. ताम्हिणीची पाटी आली. मला वाटलं, असंच जावं. घाट उतरावा, चिरा भरावा, उद्या परवा यावं. डिझेल तेवढं नव्हतं.

हमीदभाई म्हणाले, "नामदेवा, हितं अण्णा न्हाईत. खरं सांग. गाडीत खोट काय हाय?"

एक वाक्य पुरं हुतं. चॅसी वाकलीया म्हणायचं, बास. गाडी माज्या दारात राहिली असती. मी आयुष्यात फुकाच्या थापा एवढ्या मारल्यात, की ही एक कामाची थाप कुणाला जड गेली नसती. तोंड उघडलं बी.

"दुसऱ्याचा तिसरा गिअर पडताना हट्ट करती," मी म्हणलं. "क्लच दोनदा दाबायचा, मंग पडतो. चढाला तापती, पाण्याचा कॅन जवळ ठिवा. पावसात डावा वायपर हातानं ढकलावा लागतो. आन् सकाळी पयल्यांदा चालू करताना एकदम रेस देऊ नका. जरा येळ द्या तिला."

"मी खोट इचारतोय, तू तिचं खाणंपिणं सांगतोयस."

"तेवढंच ठाव हाय मला."

त्यांनी काचंतनं डावा वायपर बघून घेतला. मी रस्ता बघत इचारलं, "डायवर लागंल का तुमाला?"

"भाचा हाय माजा. वय किती तुजं?"

"लायसनवरचं का खरं?"

ते हसले आन् हातानं माघारीची खूण केली. मी बी गाडी वळवली.

यवहार तितंच चिंचंखाली ठरला. अण्णा खूश. मला म्हणाले, "बावळट हाईस, पर तुजा फडका लागला बघ कामाला." दुसऱ्या दिवशी भाचा आला. चांगला पोरगा. मी त्येला क्लचचं सांगितलं, वायपरचं सांगितलं, पुन्यांदा क्लचचं सांगितलं. तो म्हणाला, "व्हय काका, तीनदा झालं." इंदूनं चाकांवर पाणी घातलं, आन् गाडी गेली. पयल्याच वळणाला त्यानं तिसरा टाकला. एकदाच दाबला क्लच. आवाज माज्या दारापत्तूर आला.

आता मी पिरंगुटला खोल्यांवर असतो. सकाळी मोटार लावायची, गच्चीवर जाऊन टाकी बघायची. गच्चीवरनं पौडचा रस्ता दिसतो. गाडी रोज जाती तितनं, सिमेंट भरून. लांबनं वळखू येती. तीन चाकं काळी, पुढचं डावं उघडं. त्यांनी बाकीची साल काढलीच न्हाई. मी हात वर करतो. भाचा पुढं बघून चालवितो, डायवरनं तसंच चालवावं.

माज्यासारखं कुणी घरी चाकाला रबर मारणार असंल, तर तोंड बघून डबा धरा आन् डिझेलचा फडका आठवडाभर शेजाऱ्याकडं ठिवा. दुसरं एक. टाकी भरायला लावली की रस्त्याकडं तोंड करून बसू नका. माजी टाकी रोज व्हाती. खालनं पोरं वरडत्यात, "काका, मोटार बंद करा."