तेल्हाऱ्याच्या मामांनी पोलंडबद्दल विचारलं

"पोलंड कशाला?" एक्स्टर्नल सरांनी प्रबंध मिटत विचारलं. "अमरावतीत बसून? जवळचा विषय मिळाला नाही का?"

एक्स्टर्नल म्हणजे पीएच.डी.च्या तोंडी परीक्षेला, म्हणजे व्हायवाला, बाहेरच्या विद्यापीठातून येणारे परीक्षक. त्यांनी शिफारस केली तरच पदवी. समोर माझी विद्यार्थिनी प्रज्ञा उभी होती. मी तिची गाइड. व्हायवात गाइडने गप्प बसायचं असतं. माझ्या स्वभावाला ते फार जड जातं.

दुसऱ्या महायुद्धात नाझींनी पोलंडमधले बहुतेक ज्यू मारले. नंतर बरीच वर्षं तिथल्या इतिहासाच्या पुस्तकांत त्यांची गणना नुसती 'पोलंडचे बळी' अशी व्हायची. ते ज्यू होते म्हणून मारले गेले, हे ओझरतं यायचं. पुढे तिथल्याच काही इतिहासकारांनी ते नीट लिहायला घेतलं, तर मोठे वाद झाले. प्रज्ञाने हा सगळा प्रवास मांडला होता, आणि झकास मांडला होता. पण सरांना ती नुसतं "महत्त्वाचा विषय आहे, सर" म्हणाली. सरांनी पेन खाली ठेवलं.

व्हायवा जाहीर असते. शेवटी चेअरमन "कुणाला काही विचारायचंय?" म्हणतात. ती आपली पद्धत. विचारत कुणीच नाही. हे प्रज्ञाच्या मामांना कोण सांगणार? ते तेल्हाऱ्याहून खास आले होते. सरळ उभेच राहिले.

"पोरी, पोलंडचे बाकीचे लोकं बी मेले नं? मंग त्यायनं साऱ्यायचं दुःख एकाच जागी लिवलं, तं काय बिघडलं?"

चेअरमन गडबडले. प्रज्ञाचा चेहरा मात्र खुलला.

"त्यायचं दुःख खरंच होतं, मामा. पण आपल्या गावच्या दुष्काळाचं सांगतात, तवा काय म्हणतात?"

"सारं गाव तहानलं होतं म्हणतात."

"आपल्या वस्तीले विहिरीवर जाऊ देत होते काय?"

"नाही. माही माय दूर बसून राहे. कोणी घागरीत पाणी ओतीन म्हणून."

"मंग 'सारं गाव' म्हटलं, की आजी त्यात दिसते काय?"

"नाही दिसत."

"तेच पाहून राहिली मी पोलंडात."

सभागृहात टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या, नियम गेला खड्ड्यात.

"हे मला मघाशी का नाही सांगितलं?" एक्स्टर्नल सर म्हणाले.

"सर, तुम्ही विषय कशाला घेतला ते विचारलं. मामांनी विषयच विचारला."

सगळ्यात आधी हसले ते सरच. त्यांनी तिथल्या तिथे शिफारस लिहिली आणि बजावलं, "पुस्तक काढाल तेव्हा आजी पहिल्या पानावर हवी." आनंदाने माझे डोळे भरून आले. मामा ज्याला त्याला सांगत सुटले, "माही भाची डॉक्टर झाली, पण सुईवाली नाही!"

मॉक व्हायवा, म्हणजे खऱ्या परीक्षेआधीची रंगीत तालीम, मी अजूनही घेते. पण आधी विद्यार्थ्याला घरी पाठवते. विषय घरच्यांना समजावून ये, म्हणते. तिथे पास झालेला अजून तरी इथे नापास झालेला नाही.