नानांचे पथ्य आणि माझी वही

घरात एक पथ्याचा माणूस असला, की किस्से जमवावे लागत नाहीत. रोजच्या स्वयंपाकाबरोबर एक ताजा शिजतो! स्वातंत्र्याला सात-आठ वर्षे झाली असतील, तेव्हा चोपड्याच्या आमच्या घरी एका महिन्यात इतके शिजले, की आजही आठवले तरी मी कपाळाला हात लावते.

माझे थोरले दीर, नाना, केळीचे बागाईतदार. त्यांच्या पायाच्या अंगठ्याची जखम भरेना. जळगावच्या डॉक्टरांनी मधुमेह सांगितला. "पिष्टमय पदार्थ म्हणजे शरीराचे सरपण. तोडू नका, बेताने घाला. भात आणि गोड वर्ज्य, भाकरी एका वेळी एक. महिन्याभरात साखर उतरली नाही, तर अंगठा काढावा लागेल!"

घरात मॅट्रिक झालेली मी एकटी. पथ्याची वही माझ्याकडे आली.

नाना मात्र जुन्या रीतीचे. धाकट्या भावजयीशी थेट बोलणे नाही! बारा वर्षांत त्यांनी मला जे काही सांगितले, ते ओसरीच्या खांबाला उद्देशून.

*

पहिल्या दिवशी ताटात भाकरी एकच होती. तव्यावर मावेना, म्हणून अक्कांनी, म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाईंनी, ती पुरणपोळीच्या खापरावर भाजली होती!

"अक्का, ही एक?"

"एकच शे ना! मोज!"

*

गावातला कंपाउंडर काचेच्या नळीत लघवी आणि निळे औषध घालून ती रोज तापवून पाही. निळी राहिली तर उत्तम, विटकरी झाली तर साखर चढलेली. आमची पहिला आठवडाभर विटकरी!

"मधल्या वेळी काही खातात का, विचारा," मी अक्कांना म्हटले.

नाना खांबाला म्हणाले, "तिले सांग, काहीच नही. बागमा फिरता फिरता पाच-सहा केळं, बस."

"पाच-सहा!" मी किंचाळलेच.

"केळं काय खानं शे?" नानांनी खांबालाच विचारले. "ती तं घरनी शेतस!"

*

केळी बंद झाली, नळी निवळू लागली. तेवढ्यात शिरपूरच्या विहीणबाई आल्या. नानांना गोड चालत नाही हे ऐकून त्या फार हळहळल्या, आणि सोबत आणलेल्या शेवया दूध-साखरेऐवजी तेल-मीठ घालून वाडगाभर पुढे ठेवल्या!

मी वाडगा उचलला.

"अवो, आते त्यामा गोड काय ऱ्हायनं?" म्हणत त्यांनी तो परत नानांपुढे सारला.

*

महिना संपला. सोमवारी नाना, अक्का आणि मी जळगावला डॉक्टरांसमोर बसलो. नळी विटकरी! नाना अंगठ्याकडे पाहत राहिले.

डॉक्टरांनी माझी वही चाळली. अक्षराची स्तुती केली. मग थांबले.

"पहिला आठवडा सोडला, तर इतर दिवशी नळी बरी आहे. सोमवार, गुरुवार, एकादशी, नेमकी याच दिवशी विटकरी कशी? त्या तारखांपुढे तर तुम्ही नुसते 'उपवास' लिहिले आहे."

"उपवास म्हणजे उपवास, डॉक्टर," मी ताठ बसून म्हटले. "अन्नाचा कण नाही! साबुदाण्याची खिचडी, भगर, रताळ्याचा कीस आणि बटाट्याच्या काचऱ्या, एवढेच. तेही मी स्वतः वाढते!"

डॉक्टरांनी लेखणी खाली ठेवली.

"बाई, हे सगळे सरपण आजपासून बंद! अंगठ्याला आणखी पंधरा दिवस देतो."

नानांनी इकडे पाहिले, तिकडे पाहिले. दवाखान्यात खांब नव्हता. अखेर त्यांनी थेट माझ्याकडे पाहिले.

"माय, तू खरंच मॅट्रिक पास शेस का?"