वायपर हळू फिरतोय, जरा बघा की!

पंक्चरवाल्याकडं किस्से साठत नाहीत. गिऱ्हाईक घाईत असतं, चाक बसलं की निघालं. वायपरचं तसं नाही. वायपर दुरुस्त करायला माणूस येतो तो पाऊस पडत असतानाच. बाकी आठ महिने गाडीला वायपर आहे हेच त्याच्या ध्यानात नसतं. आला की गाडी आमच्या ताब्यात, वर धो धो पाऊस आणि छत्री घरी. जाणार कुठं? मग पत्र्याच्या शेडमध्ये स्टुलावर बसतो आणि बोलत राहतो. आणि कोल्हापूरचा माणूस स्टुलावर गप्प बसलाय, असं मी तरी अजून पाहिलेलं नाही!

उद्यमनगरात बापूंच्या ऑटो इलेक्ट्रिकच्या दुकानात मी सतरा-अठरा वर्षं काढली. नव्वदच्या आसपास आयटीआय करून नेसरीकडनं आलो, तो तिथंच चिकटलो. बापू म्हणजे दुकानाचे मालक. शेतकरी घरातला माणूस, शाळा सातवी, पण जुन्या गाडीचा वायपर हळू का फिरतो हे नुसत्या आवाजावरनं सांगायचे. त्या दुकानातले हे किस्से. हसण्यासारखे आहेत. निदान त्या वेळी आम्ही हसलो होतो.

*

पहिल्याच महिन्यात एक जुनी फियाट आली. वायपरची एक फेरी पुरी होईपर्यंत काच परत भिजून चिंब! मी आयटीआयवाला. लगेच मोटर उतरवली, उघडली, कार्बन बदलले, मेणासारखं घट्ट झालेलं ग्रीस रॉकेलनं धुऊन नवं भरलं. अर्धा दिवस गेला. मोटर बसवली, स्विच दाबला. वायपर जसाच्या तसा, रडत रडत.

बापू आले. मोटरपासनं बॉडीला गेलेली एक वायर सोडली, टोक पॉलिश पेपरनं घासलं, स्क्रू आवळला. वायपर सटासट!

"अर्थिंग गेलतं," बापू म्हणाले. "आधी पाय जमिनीला लागल्यात का बघायचं असतंय रं. ज्याचं पाय जमिनीला न्हाईत, त्याच्यात कितीबी करंट सोड, ते असंच चालणार!"

आम्ही सगळे हसलो. गाडीचे मालक तेवढे हसले नाहीत. ते त्या वर्षी निवडणुकीला उभे होते!

*

वडापची जीप तुम्हाला माहीत असेल. जागा दहाची, माणसं वीस, वर टपावर कोंबड्या. असल्या एका जीपचा ड्रायव्हर हॉर्न दुरुस्त करायला आला. पाऊस मरणाचा. बापूंनी बघितलं तर वायपर काचेच्या मधोमध येऊन थांबायचा, विचार करायचा आणि मग पुढं जायचा.

"अरे, हॉर्नचं राहू दे, ह्यो आधी करून घे."

"नगं बापू. मी तंबाखू चोळतोय काचंला, पाणी थांबत न्हाय. आणि बघाय कशाला पायजे? रस्ता मला पाठ हाय!"

बापू म्हणाले, "रस्ता तुला पाठ हाय रं. समोरनं येणाऱ्याला तू पाठ हायस का?"

तो एवढा हसला, एवढा हसला की डोळ्यांतनं पाणी आलं त्याच्या. मग हॉर्न तेवढा करून घेतला आणि गेला.

*

शाहूवाडीकडचे एक पाव्हणं यायचे. भाताची शेती आणि लढाईच्या काळातली वाटावी अशी जुनी जीप. त्या जीपच्या वायपरला करंटची मोटरच नव्हती. इंजिन हवा ओढतं, त्या ओढीवर वायपर फिरायचा. ॲक्सिलेटर दाबला की ओढ कमी, वायपर झोपला. पाय काढला की लागला पळायला.

पाव्हणं वैतागले होते. "सपाटीला बरा चालतोय. घाटात चढाला लागलो की बसतोयच! खराब झालाय का बघा."

बापू म्हणाले, "खराब न्हाय. त्येची जातच तसली. चढाला इंजिनावर लोड आला की ह्यो थांबणार."

"म्हंजे उताराला पळणार?"

"व्हय. उताराला लई पळणार."

पाव्हण्यांनी विडी पेटवली. जरा वेळ वायपरकडं बघत राहिले. "आमच्या थोरल्या भावागत हाय की मग! बा आजारी पडला तवा ह्यो थांबला. बहिणीचं लगीन निघालं तवा थांबला. आणि जमिनीची वाटणी निघाली तवा बघा, काय पळतंय बेणं, काय पळतंय!"

बापूंनी विचारलं, "मोटरवरचा वायपर बसवू का?"

"बसवा," पाव्हणं म्हणाले. "भाऊ बदलता येत न्हाय, वायपर तरी बदलूया!"

*

हा किस्सा माझा स्वतःचा.

एक रिटायर्ड साहेब होते. बंगला, पोर्चमध्ये चकचकीत ठेवलेली अँबॅसिडर. वायपर जाम. गाडी बाहेर काढायची नाही म्हणाले, म्हणून बापूंनी मला बंगल्यावर पाठवलं. साहेबांचा स्वभाव मोकळा. मी ड्रायव्हर सीटवर बसून स्विच तपासत होतो, ते खिडकीशी उभं राहून गप्पा मारत होते. बाईसाहेबांनी चहा आणला, बशीसकट कप, बरोबर चिवडा. मला म्हणाल्या, "लाजू नका, आपलंच घर समजा."

वायपरचा दांडा ज्या बुशात फिरतो ते बुश झिजलं होतं. नवं लेथवर करून आणायला पाहिजे होतं. उद्या येतो म्हणालो. निघताना साहेबांनी विचारलं, "गाव कुठलं तुमचं?"

"नेसरीकडं."

"अरे वा! नेसरीत कुणापैकी?"

मी आडनाव सांगितलं. साहेब "अच्छा, अच्छा" म्हणाले. तेवढंच. चेहरा पण बदलला नाही.

दुसऱ्या दिवशी गेलो, तर ड्रायव्हर सीटवर वर्तमानपत्र अंथरलेलं. म्हटलं, माझे कपडे ऑइलचे, म्हणून असेल. चहा आला, तो कंपाउंडच्या कट्ट्यावर ठेवलेला, कान तुटलेल्या कपात. गप्पा नाहीत. साहेब घरात होते, खिडकीतनं दिसत होते. मी बुश बसवलं, वायपर चालू करून दाखवायला हाक मारली, तर आतनंच म्हणाले, "ठीक आहे, ठीक आहे."

परत येताना सायकलवर माझ्या डोक्यात एकच गोष्ट फिरत राहिली. कपडे काल पण ऑइलचेच होते की!

दुकानात येऊन बापूंना सगळं सांगितलं. बापूंनी कधी माझ्याशी भेद केला नाही. एका डब्यात जेवायचो आम्ही. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मला वाटलं, आता चार शिव्या हासडतील साहेबाला.

बापू म्हणाले, "पर तू आडनाव कशाला सांगितलंस?"

*

शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीवाल्या मालकांची गाडी दर पावसाळ्यात आमच्याकडं यायची. तक्रार एकच, वायपर हळू. दर वर्षी उघडायचो आणि दर वर्षी आत तेच, बारीक काळी वाळू. ग्रीसमध्ये मिसळून तिचा लगदा व्हायचा आणि दांडा आवळून धरायचा.

एका वर्षी मालक चिडले. "दर वर्षी तेच! तुम्ही नीट काम करत न्हाय."

मी म्हणालो, "साहेब, गाडी मोल्डिंगच्या शेडला चिकटून उभी असती. वाळू उडती, ती आत जाती."

"एवढ्याशा वाळूनं काय हुतंय? लोखंड हाय ते!"

आता मोल्डिंगच्या त्याच शेडमध्ये माझे दाजी कामाला होते. बहिणीचा नवरा. बारा वर्षं झाली होती. जिना चढताना दोनदा थांबायचे, रात्रभर खोकायचे. मी म्हणालो, "लोखंड असून बसलंय साहेब. आत माणसं बारा-बारा तास हायत. आमचं दाजी हायत तिथं. त्यांची छाती बघा एकदा."

मालकांनी नीट ऐकलं. खरंच सांगतो, इतकं लक्ष देऊन कुणी माझं ऐकलेलं मला आठवत नाही. दाजींचं नाव विचारलं. "बरं झालं सांगितलंस," म्हणाले. मला फार बरं वाटलं. घरी जाऊन बहिणीला पण सांगितलं, आता काहीतरी होईल म्हणून.

चार दिवसांनी दाजी घरी आले. दारातच धाप लागलेली. खाली बसले, पाणी प्याले आणि मग म्हणाले,

"काय सांगितलंस रं आमच्या मालकाला? सोमवारपास्नं त्यांची गाडी लांब, गेटजवळ लागाय लागली!"

*

दोन हजार सालानंतर नव्या गाड्यांचे शोरूम आले. काचेचे दरवाजे, एसी, आत सोफे. बापूंचा मुलगा डिप्लोमा करून असल्याच एका शोरूमच्या सर्व्हिस काउंटरला लागला. शर्ट इन, गळ्यात टाय. बापू येईल त्या गिऱ्हाईकाला सांगायचे. वायपर फिरतोय का नाही ते राहायचं बाजूला, "आमचं पोरगं कॉम्प्युटरवर गाडी तपासतंय!"

एकदा एका नव्या गाडीचा वायपर आमच्याकडं आला. आतली प्लास्टिकची एक पट्टी तुटली होती आणि ती बाजारात कुठंच मिळेना. बापू म्हणाले, "त्यात काय, पोराकडनं आणतो." तशीच ऑइलची पॅन्ट, पायात स्लिपर, हातात तुटकी पट्टी. मी म्हणालो, कपडे बदला. "माझ्या पोराकडं जायला कपडे कशाला?" म्हणाले.

तासाभरानं परत आले. पट्टी मिळाली नव्हती. सुटी मिळत नाही, अख्खा सेट घ्यावा लागतो म्हणाले. स्टुलावर बसून स्लिपरचा चिखल काढत राहिले.

मी विचारलं, "पोरगं भेटलं का?"

"भेटलं की. साहेब बसला होता शेजारी त्याच्या. लई चांगलं बोललं. पाणी दिलं."

"काय म्हणालं?"

बापू म्हणाले, "मला 'काका' म्हणालं."

*

आता शेवटचा. हा शोरूमवाल्याच्या बराच आधीचा, पण मी नेहमी मागं ठेवतो.

कागलच्या बाजूला माने म्हणून एक होते. शेतीच्या औषधांचं दुकान, पांढरी जुनी फियाट. जुलैचा महिना, सोमवार. आमच्या दुकानासमोर सहा गाड्या ओळीनं उभ्या. माने गाडीतनं न उतरताच ओरडले, "बापू, वायपर हळू फिरतोय, जरा बघा की!"

बापू म्हणाले, "आज जमत न्हाय माने. लाईन बघा किती हाय. बुधवारी या, पहिला नंबर तुमचा."

"बुधवारपर्यंत चालंल न्हवं?"

मी एका गाडीच्या डॅशबोर्डखाली उताणा झोपलो होतो. तिथनंच म्हणालो, "एवढे दिवस चालवलाय की! दोन दिसांनी काय हुतंय?"

सगळे हसले. माने पण हसले. हात करून गेले.

मंगळवारी संध्याकाळी कागलच्या अलीकडं एका वळणावर त्यांची गाडी रस्ता सोडून शेतात उजव्या अंगावर पडली. पाऊस इतका होता की लोकांना ती बऱ्याच वेळानं दिसली. आम्हाला कळलं गुरुवारी. बापूंनी दोन दिवस दुकान उघडलं नाही.

महिनाभरानं एक टेम्पो दोरीनं फियाट ओढत दुकानासमोर आला. उजवा दरवाजा आत चेपलेला, बाजूच्या काचा गेलेल्या. समोरची काच मात्र एक तडा सोडला तर शाबूत, चिखलानं माखलेली. टेम्पोतनं एक बाई उतरल्या. बापूंनी ओळखलं. मान्यांच्या मिसेस.

"वायपर हळू फिरतोय," त्या म्हणाल्या. "तेवढा नीट करा."

बापू चेपलेल्या दरवाजाकडं बघत म्हणाले, "वैनी, ही गाडी आता रस्त्यावर... भंगारातच..."

"भंगारातच देणार हाय. इथनं तिकडंच न्यायची हाय." बाईंचा आवाज अजिबात चढला नाही. "बुधवारी या म्हणला होता. आज बुधवार हाय. पहिला नंबर आमचा म्हणला होता."

पुढं चार गाड्या उभ्या होत्या. त्यांचे मालक स्टुलांवर होते. एकजण उठला आणि आपली गाडी बाजूला घेतली.

बापूंनी स्वतः पाना घेतला. मी पुढं झालो तर नुसता हात आडवा केला. दांड्यात पाणी जाऊन गंज धरला होता. दांडा काढला, रॉकेलमध्ये बुडवला, घासला, तेल सोडलं. मोटर उघडून ग्रीस बदललं. वाकलेला वायपर हातानं सरळ केला. बाई स्टुलावर बसल्या नाहीत. बॉनेटजवळ उभं राहून सगळं बघत होत्या, शिकून घ्यायचं असल्यासारखं.

दुकानातली बॅटरी आणून मी वायरी जोडल्या. बापूंनी तांब्याभर पाणी काचेवर ओतलं आणि स्विच दाबला. दोन फेऱ्यांत काच लख्ख. आतलं स्टिअरिंग दिसायला लागलं, त्याला बांधलेला पिवळा रुमाल दिसायला लागला. वायपर सटासट फिरत होता.

बाईंनी मान वर करून आमच्या भिंतीवरच्या घड्याळाकडं बघितलं.

"किती वेळ लागला?" त्यांनी विचारलं.

बापू हात पुसत होते. पुसून झालेले हात परत पुसत होते.

"पाऊण तास, वैनी."

"एवढंच व्हय?"