बुडवलेलं मखर

बाबा दर रविवारी तळ्यावर मासे पकडायला जायचे आणि येताना आयएनए मार्केटमधून मासे विकत आणायचे. मधली भानगड फक्त मला ठाऊक होती, कारण स्कूटरवर पुढे उभी राहून मीही जायचे. माझं तोंड कुल्फीने बंद केलेलं असे.

तळं फरिदाबादच्या पुढे, अरवलीच्या बोडक्या टेकड्यांमध्ये. गळ टाकून बाबा तासन् तास बसत आणि मासे त्यांच्याकडे साफ दुर्लक्ष करत. मग परतताना मार्केट. देशाच्या राजधानीत, लक्ष्मीबाई नगरातल्या आमच्या सरकारी क्वार्टरपासून ते हाकेच्या अंतरावर. बाबा हुशारीने तळ्यात शोभेल असा रोहू घेत, ओल्या गोणपाटात गुंडाळत आणि घरात शिरतानाच "आज फार झुंजवलं बेट्याने" म्हणत. चार वर्षं हे बिनबोभाट चाललं. मग एका रविवारी जिभेने दगा दिला. मालवणच्या माणसाला ताजी सुरमई दिसली आणि अक्कल गहाण पडली.

आईही तिकडचीच, वेंगुर्ल्याची. तिने गोणपाट उघडलं आणि कमरेवर हात ठेवले.

"तळ्यात सुरमई? अच्छा. आणि ती तुकडे होऊनच बाहेर येते वाटतं?"

पितळ उघडं पडलं. आईने सुरमई तळली, आम्ही मिटक्या मारत खाल्ली, पण ती गोष्ट तिने कॉलनीभर सांगितली. हळदीकुंकवाला येणाऱ्या बायका बाबांना पाहून पदराआड हसू लागल्या. "स्वतः पकडलेला एक मासा आणा," आईने बजावलं, "तोवर या घरात तळ्याचं नाव काढायचं नाही." बाबा हसले खरे, पण त्यांना लागलं होतं. ऑफिसात ज्यांची टिप्पणी वरिष्ठ न वाचता सही करून पुढे पाठवत, त्यांच्या शब्दावर घरात कोणी विश्वास ठेवीना. मला त्यांची फार दया आली. कुल्फी बंद झाली म्हणूनही असेल.

उपाय तळ्याच्या राखणदाराने सांगितला. हा हुक्का ओढणारा म्हातारा, सगळे त्याला ताऊ म्हणत. "मच्छी को भी घर चाहिए, बाबूजी. थाली जैसा तला है, कौन बैठेगा? झाड़-झंखाड़ डालो." पाण्याखाली आडोसा झाला की त्यावर शेवाळ धरतं, शेवाळाला बारके जीव येतात आणि त्यांच्यामागून मासे.

नेमका गणेशोत्सव नुकताच संपला होता. कॉलनीच्या गणपतीचं मखर मोडून बांबूंचा ढीग मैदानात पडला होता. बाबांनी मंडळाच्या चिटणिसांना रीतसर अर्ज लिहिला, "विषय: निरुपयोगी बांबू मिळणेबाबत." त्या बांबूंचे हातभर तुकडे करून त्यांनी व्हरांड्यात एक पिंजरा बांधला. चारी बाजूंना कमानी होत्या, वरचा सोनेरी कागद तसाच राहिला होता. "माशांना मखरात बसवताय," आई म्हणाली. स्कूटरला आडवा बांधून आम्ही तो नेला, आणि बदरपूरपर्यंत प्रत्येक ट्रकवाल्याने आम्हाला हॉर्न दिला.

ताऊच्या होडीतून आम्ही तो पाण्यात सोडला. तो डौलात तरंगू लागला. बांबू पोकळ असतो हे कोकणात वाढलेल्या माणसाने विसरावं! ताऊ एवढा हसला की त्याला ठसका लागला. शेवटी पोत्यांत दगड भरून चारी कोपऱ्यांना बांधले, तेव्हा कुठे मखर बुडबुडे सोडत खाली गेलं.

आता जागा लक्षात ठेवायची. पाण्यावर तरंगती खूण ठेवली तर दुसरेच येऊन गळ टाकतील. बाबांनी छाती फुगवून मला मालवणी विद्या शिकवली. समुद्रातली जागा जमिनीवरून ओळखायची. किनाऱ्यावरची एक खूण जवळची, एक तिच्या मागची लांबची. दोन्ही एका रेषेत आणायच्या. अशा दोन रेषा जिथे एकमेकींना छेदतील, तीच जागा. वहीत त्यांनी लिहिलं: "एका बाजूस कडुनिंब व त्यामागे पाण्याची टाकी. दुसऱ्या बाजूस शेणाने सारवलेली झोपडी व तिच्यामागे टेकडीची खाच." खाली तारीख घातली, सही केली.

हिवाळ्यात मासा गळाला लागत नाही, म्हणून मार्चपर्यंत थांबायचं ठरलं. मधे बदलीची ऑर्डर आली. नागपूर, माझी परीक्षा संपताच. हाताशी मोजून तीन रविवार उरले.

पहिल्या रविवारी तळ्यावर पोचलो तर झोपडी गायब. कडुनिंब होता, टाकी होती, खाच होती. बाबांनी ताऊला विचारलं, "इथे राहणारे लोक कुठे गेले?"

"कौन लोग? वो तो बिटौड़ा था, बाबूजी. सर्दी में चूल्हे में फूँक दिया."

हरियाणात गोवऱ्या रचून त्यांची झोपडीएवढी रास करतात, वरून शेणाने लिंपतात आणि नक्षीही काढतात. वर्षभर त्यातूनच सरपण काढायचं. आमच्या मालवणी नाविकाने आपली खूण जळणावर बांधली होती! तो रविवार आणि पुढचा रविवार आम्ही नुसते अंदाजाने गळ टाकत फिरलो. घरी येताना बाबा मार्केटकडे बघतही नव्हते. रिकाम्या हातांनी येऊन गुपचूप भांडी बांधायला बसत. खोटं बोलणारे बाबा मला परवडले असते, हे गप्प बाबा बघवत नव्हते.

मी आईला सगळं सांगून टाकलं. तिने ऐकून घेतलं, थोडी हसली आणि शेवटच्या रविवारी डबा भरून म्हणाली, "चलो, मी पण येते." स्कूटरवर आम्ही तिघं.

किनाऱ्यावर आईने फिरून फिरून पाहिलं आणि एका जागी थांबली. तिथे वाटोळा, काळपट डाग होता, भोवती गवत आणि आत पातं नाही. "इथेच होती तुमची झोपडी. वर्षभर रास बसली की खाली गवत कसं उगवेल?" ती डागाच्या मधोमध उभी राहिली, लाल साडीचा पदर खोचला आणि ओरडली, "घ्या, धरा खूण! माझ्यामागे खाच आणा!"

बाबा होडीत उभे राहिले. ताऊ कडुनिंब आणि टाकीची रेषा धरून हळूहळू वल्हवत होता आणि बाबा आईवरची नजर काढत नव्हते. "अगं, हलू नकोस!" "गोवऱ्यांच्या जागी उभं केलंत, आता हलू पण नको?" उन्हात ती अर्धा तास तशीच उभी होती. खाच तिच्या डोक्यावर आली तेव्हा बाबांनी गळ सोडला, आणि तो खाली कशाला तरी घासला. दुसऱ्यांदा सोडला तेव्हा दोरी ताणली गेली.

गळाला कटला मासा लागला होता, चांगला माझ्या हाताएवढा. होडीत तो आपटत होता आणि बाबा नुसते "अगं! अगं!" एवढंच ओरडत होते. आई मात्र जागची हलली नाही. "येऊ का आता? की अजून उभी राहू?" तिने तिथूनच ओरडून विचारलं.

परतताना मासा आईच्या मांडीवर होता. आयएनए मार्केट आलं तसा सवयीने बाबांनी स्कूटरचा वेग कमी केला. मागून आईने त्यांच्या पाठीत एक धपाटा घातला.

"आज सरळ घरी," ती म्हणाली, आणि गोणपाट बाजूला सारून तिने मासा हातात उंच धरला. "आणि कॉलनीतून जरा हळू चालवा. लोकांना दिसू दे."