सिलतऱ्याच्या गेटपर्यंत

लेबर कोर्टात वकिली करणाऱ्याकडे किस्से आपोआप साचतात, कारण तिथे काम थोडं आणि वाट पाहणं फार. मैत्रिणी जमल्या की म्हणतात, "तो संतोषचा सांग ना!" मी सांगते. त्या हसतात. मला मात्र हल्ली हसू येत नाही.

संतोष साहू सिलतऱ्याच्या एका कारखान्यात भट्टीवर होता. फाटके हातमोजे घालून काम करणार नाही, असं तो सुपरवायझर पांडेजींना सगळ्यांसमोर ओरडून बोलला आणि नोकरी गेली. त्याला एकच हवं होतं, परत भट्टीवर जायचं.

०

माझे सीनियर गजभिये सर. आयुष्यभर कामगारांच्याच केसेस लढलेले. लेबर ऑफिसरसमोर समझोत्याची बैठक झाली. कंपनी म्हणाली, दोन ओळींची माफी लिहून द्या आणि सोमवारी कामावर या. सरांनी पेनाचं टोपण काढलंसुद्धा!

"माफी कशाची? हातमोजे यांचेच फाटके!" मी उठले आणि दहा मिनिटं बोलले. बैठक मोडली. संतोषला कुणी काही विचारलंच नाही. मीही नाही.

बाहेर आल्यावर सर म्हणाले, "पोट्टी, तुले भाषण द्यायचं होतं. त्याले नोकरी पाहिजे होती."

मनात म्हटलं, थकले म्हातारबुवा!

०

मग सुरू झाल्या तारखा. संतोष प्रत्येक तारखेला कारखान्याचे जाड बूट घालून यायचा. मे महिन्यातही!

सरांनी एकदा विचारलं, "चप्पल नहीं है क्या रे?"

"है ना सर. पर जज साहब ने आज ही बोल दिया कि जाओ ड्यूटी, तो?"

जजसाहेब चार वर्षं काही तसं बोलले नाहीत. बुटांचे तळ दोनदा बदलून झाले.

०

कंपनीच्या वकिलांनी मामेबहिणीच्या लग्नाचं कारण देऊन तिसऱ्यांदा तारीख मागितली. मी उठले. "साहेब, या मामेबहिणीला एकदा तरी नीट नांदू द्या!"

अख्खं कोर्ट हसलं. जजसाहेबही हसले. आणि हसत हसत त्यांनी पुढची तारीख दिली.

०

माझे बाबा रेल्वेतून रिटायर झालेले. ताटावर बसले की रोज एकच प्रश्न, "लागला का तो मानूस कामावर?"

"बाबा, तत्त्वाचा प्रश्न आहे!"

"हव. तत्त्व तुझं, अन् ऑटो तो चालवून राहिला."

मी ताटावरून उठले. वडील माणसांना कायदा कळत नाही, एवढंच तेव्हा मला कळायचं.

०

पांडेजींची उलटतपासणी ही तर माझी सगळ्यात आवडती होती. मी आवाज चढवून विचारलं, "संतोष तुम्हाला नेमकं काय बोलला?"

पांडेजींनी आठवून पाहिलं. "याद नहीं, मैडम. आदमी काम का अच्छा था."

मागून सरांनी माझी बाही ओढली. "झालं आता. बस खाली."

असा साक्षीदार हातात आलेला, आणि बस खाली? मी आणखी अकरा प्रश्न विचारले. अकराव्याला पांडेजी लालबुंद झाले आणि म्हणाले, "अब सब याद आ गया, मैडम!"

केस आणखी दीड वर्ष चालली.

०

आणि मग आम्ही जिंकलो! बडतर्फी चुकीची, कामावर परत घ्या, अशी ऑर्डर झाली. सर म्हणाले, "जा तू त्याच्यासोबत. तुझीच केस आहे."

सिलतऱ्याला जाताना ऑर्डरच्या तीन कॉपी घेतल्या. गेटवर कंपनीला काय काय ऐकवायचं, तेही वाटेत ठरवून ठेवलं. गार्डने आत फोन केला. थोड्या वेळाने स्वतः पांडेजी बाहेर आले. केस पांढरे झालेले.

मी फाइल उघडत होते. तेवढ्यात संतोष पुढे झाला, वाकला आणि त्याने पांडेजींच्या पायांना हात लावला.

"गलती हो गई थी, साहब."

पांडेजींनी त्याला धरून उठवलं. मग म्हणाले, "अरे पगले, इतना तो उसी दिन बोल देता!"

त्याच्या खांद्यावर हात टाकून त्याला आत घेऊन गेले. गेट लागलं. ऑर्डर माझ्या हातातच होती.

गार्डने मला एकदा न्याहाळलं.

"आपको किससे मिलना है, मैडम?"