खोबऱ्याच्या कापांचं पाकीट

माझ्या मुलीला फिट येतात. तीन औषधं बदलूनही त्या थांबेनात, तेव्हा डॉक्टरांनी तिला कीटो आहारावर ठेवलं. तूप, खोबरं, अंडी, पनीर, सगळं काट्यावर तोलून. भात, भाकरी, साखर बंद. ती तेव्हा सात वर्षांची होती. आम्ही चिकलठाण्याला राहायचो, नवरा कंपनीत. घरची मेंढरं दिरांवर सोपवून सासूबाई फुलंब्रीकडून आमच्याकडं राहायला आल्या होत्या.

आहार लागू पडला. रोज येणाऱ्या फिट आठवड्यावर गेल्या, मग एक अख्खा महिना कोरा गेला. त्या महिन्यानंच मी जरा सैल झाले असणार.

एका शनिवारी दुपारी शाळेतून आणताना ती दुकानाबाहेर थांबली. म्हणाली, "सगळ्यांकडं पाकीट असतं. मला कधीच नसतं." रडली नाही, नुसतं सांगितलं. मी आत गेले आणि एकेक पाकीट उलटं करून वाचू लागले. मखाने, नाचणीच्या चकत्या, डाएट चिवडा. सगळ्यांत कर्बोदकं भरमसाठ. शेवटी भाजलेल्या खोबऱ्याचे काप सापडले. पुढं मोठ्या अक्षरांत 'कीटो', मागं कर्बोदकं फक्त दोन ग्रॅम. तिला दिवसाला दहा ग्रॅम चालायची. घरी येऊन तिनं पाकीट स्वतः फोडलं आणि तळाचा चुराही बोटानं चाटला.

मी हौसेनं पाकिटाचा फोटो आहारतज्ज्ञ मॅडमना पाठवला. थोड्याच वेळात त्यांचा फोन आला.

"ताई, किती दिलंत?"

"पूर्ण पाकीट. दोनच ग्रॅम आहेत ना, मॅडम?"

"ते दहा ग्रॅम कापांमागं आहेत. पाकीट पन्नासचं आहे. आणि त्यात माल्टोडेक्स्ट्रिन आहे, ते साखरेसारखंच."

मी पाकीट डोळ्यांजवळ धरलं. सगळं तिथंच लिहिलं होतं, बारीक अक्षरांत. मी वाचलं नव्हतं.

मॅडम म्हणाल्या, "उलटी करवू नका, उपाशी ठेवू नका. कीटोन तपासत राहा. फिट लांबली तर तुमच्याकडचं तातडीचं औषध द्या आणि दवाखाना गाठा."

कीटोन तपासायला लघवीत बुडवायची पट्टी रोज गडद जांभळी व्हायची. त्या दिवशी चारच्या सुमाराला ती फिकट गुलाबी निघाली, म्हणजे फिट आवरणारे कीटोन उतरले होते. मुलगी चित्रं रंगवत बसली होती. तिनं जरा जास्त वेळ खिडकीकडं पाहिलं की मला वाटायचं, फिट आली. मी दर मिनिटाला तिला हाक मारत होते. शेवटी तीच वैतागली, "आई, मी इथंच आहे."

मी सासूबाईंना सगळं सांगितलं. वाटलं, आता बोलणी खावी लागणार. त्या म्हणाल्या, "तुला वाचता येतं तरी चुकलं. मला तर अक्षरच येत नाय, मी रोज देत बसले असते. बस खाली. लेकरू तुझं तोंड बघून भ्यायलंय."

साडेपाचला फिट आली. हातातला खडू पडला, मान डावीकडं वळली, अंग ताठ झालं. मी तिला कुशीवर वळवलं आणि घड्याळ बघत राहिले. सासूबाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला होता, आजारी कोकराजवळ बसावं तशा त्या बसल्या होत्या. चाळीस सेकंद. मग ती सैल पडली आणि झोपली.

दुसऱ्या दिवशी दुपारी पट्टी पुन्हा जांभळी झाली. त्यानंतर बरेच दिवस फिट आली नाही. मॅडम म्हणाल्या, "त्या पाकिटामुळंच आली असं खात्रीनं सांगता येत नाही. कधी कधी अशीही येते." त्यांनी मला धीर द्यायला ते म्हटलं की खरंच तसं होतं, हे मी विचारलं नाही.

आता मी आधी वजन बघते, मग शंभर ग्रॅममागचा आकडा, मग घटक. सगळं पटलं तरी पाकीट बहुतेक वेळा परत फळीवर ठेवते. मुलगी जवळ उभी असते. हट्ट करत नाही. तेच मला जास्त लागतं.