गोलमागची सत्रंजी

जागा धरावी तर गजाननभाऊनेच, असं आमच्या मूल तालुक्यात लोक म्हणतात. (त्या सामन्यापर्यंत तरी म्हणत होते.)

आमच्या झाडीपट्टीत दिवाळीनंतर गावोगाव मंडई म्हणजे जत्रा भरते आणि मंडईच्या रात्री नाटक असतं. आजूबाजूच्या गावांतून माणसं ट्रॅक्टर भरभरून येतात. पुढची जागा हवी असेल तर भरदुपारी मंडपात सत्रंजी अंथरून तिच्यावर ठिय्या द्यावा लागतो. आमच्या घरात हे खातं माझ्याकडे. नियम एकच, धरलेली जागा सोडायची नाही! पाऊस येवो, विंचू निघो, नाहीतर बायको हाक मारो.

माझी मोठी बहीण शेवंता, मी तिला नुसतं बाई म्हणतो. तिची पोर प्रणाली भारताच्या मुलींच्या फुटबॉल संघात गोलकीपर झाली. धान कापलेल्या बांधीत चेंडू अडवून तयार झालेली पोर! पण बाईने तिचा एकही सामना पाहिला नव्हता. कधी रोवणा, कधी कापणी, कधी म्हैस व्यायलेली. शेवटी एका मोठ्या शहरातल्या स्टेडियममध्ये परदेशी संघांबरोबर स्पर्धा ठरली, तेव्हा बाईने कंबर कसली.

"गजू, मले माह्या पोरीले खेळताना पाह्याचं हाये. टीव्हीवर नाई. जवळून!"

"बाई, तुले गोलच्या मांगंच बसवतो," मी शब्द दिला आणि सत्रंजी झटकली.

भाऊजी गुराढोरांसाठी घरी थांबले. मी, बाई आणि माझी बायको सुलोचना रेल्वेने निघालो. सामना संध्याकाळचा होता. आम्ही दुपारी गेट उघडायच्या आधी हजर! रखवालदाराने पुऱ्या आणि ठेचा काढून घेतला, मग सत्रंजीकडे बोट दाखवलं.

"ये अंदर नहीं जाएगा."

"बाईले हिव आलं हाये," असं म्हणून मी लाल-निळ्या पट्ट्यांची ती सत्रंजी बाईच्या अंगावर लपेटली. (ऊन असं, की डांबर पाघळत होतं.) घामाने निथळणारी बाई खरोखरच थरथरल्यासारखी चालली. पोरीसाठी आई काय काय करते!

आमच्या तिकिटावर जो येईल त्याने हवं तिथे बसायचं होतं. म्हणजे माझंच राज्य! गोलच्या अगदी मागे, पहिल्या रांगेत मी सत्रंजी पसरली. तीन माणसांसाठी आठ खुर्च्या. दुपारभर जो येईल त्याच्याशी भांडलो.

शेजारच्या चष्मेवाल्या गृहस्थाने विचारलं, "काका, पहिल्यांदाच आलात वाटतं? फुटबॉलमध्ये कसं असतं, की हाफटाइमला..."

"आमाले शिकवू नका," मी म्हणालो. "तुमी जन्मले नव्हते तवापासून आमी जागा धरून राह्यलो."

मला अजूनही त्या गृहस्थांना भेटून माफी मागायची आहे.

संध्याकाळी दिवे लागले. प्रणाली मैदानात आली आणि थेट आमच्या समोरच्या गोलमध्ये सराव करू लागली! बाईच्या डोळ्याला धार लागली. "पने! ए पने!" ती ओरडली. पोरीने हात हलवला. मी छाती फुगवून सुलोचनाकडे पाहिलं. एवढ्यात मैदानाच्या मधोमध पंचांनी नाणं उडवलं, आणि आमची पोर हातमोजे चढवत पार पलीकडच्या गोलकडे चालती झाली!

"गजू, माही पोर कुठी जाऊन राह्यली?"

उभ्या आयुष्यात स्टेज उठून पलीकडे गेलेला मी पाहिला नव्हता. इतक्या लांबून पोर चण्याएवढी दिसत होती. पण मी हार मानणारा नाही!

"चाल बाई, तिकडं जागा धरू."

"मी नाई येत. तूच त म्हणते, धरली जागा सोडाची नाई."

"मंग मी जाऊन धरतो. फोन केला का तुमी दोघी या."

तिच्या खालून मी सत्रंजी ओढली आणि निघालो. ते स्टेडियम बहुउद्देशीय आहे, हे मला तेव्हा पायांनी कळलं. पहिल्या दारातून बॅडमिंटनमध्ये शिरलो. दुसऱ्यातून पोहण्याच्या तलावावर. तिथे एका बाईने सत्रंजी पाहून विचारलं, "टॉवेल आणला नाही का?" जिन्यात सत्रंजी सुटली आणि माझ्या आधी खाली पोचली. शेवटी पाऊण तासाने धापा टाकत पलीकडच्या गोलमागे आलो तर काय, पहिली रांग रिकामी! लोक चहाला गेले होते. मी झटकन सत्रंजी पसरली आणि फोन लावला.

"सुलोचना, या लवकर! एकदम पुढची जागा!"

"तुमीच या," ती म्हणाली. "पनी इकडंच येऊन राह्यली. हाफटाइम झाला, आता बाजू बदलवतेत म्हणे."

मी उठलो. पण तोवर चहाला गेलेले परतले होते, आणि एक अख्खं कुटुंब माझ्या सत्रंजीवर ऐसपैस बसलं होतं. आजोबा तर मांडी घालून! सत्रंजी ओढून निघेना आणि टाकून जाववेना. (सासरची आहे.) आमच्या संघाचा एक गोल झालेला होता. उरलेला सगळा खेळ तिकडेच, आमच्या पोरीच्या अंगावर. माझ्या पुढ्यात उभी परदेशी गोलकीपर. तिने वेणीला हिरवं रबर लावलं होतं, हे मी आजही छातीठोक सांगू शकतो. अगदी शेवटी तिकडे परदेशी संघाला पेनल्टी मिळाली. सगळं स्टेडियम उभं राहिलं. मला आजोबांची पाठ दिसली, मग गर्जना झाली.

"काय झालं? काय झालं?"

"अडवली! पोरीने अडवली!" आजोबा माझ्याच सत्रंजीवर नाचत ओरडले. मीही नाचलो. खरं सांगतो, रडलोसुद्धा.

सत्रंजी सोडवून बाहेर पोचलो तेव्हा प्रणाली आईच्या गळ्यात होती. "माह्या पुढंच उडी मारली रे गजू, अशी हाताच्या अंतरावर!" बाई पुन्हा पुन्हा सांगत होती. मी तिला दिलेला शब्द खरा झाला होता, फक्त मी तिथे नव्हतो. प्रणालीने माझ्याकडे आश्चर्याने पाहिलं.

"मामाजी, तुमीबी आले होते? मले दिसलेच नाई. कुठी होते?"

मी तोंड उघडायच्या आत सुलोचना म्हणाली, "ते होय? ते जागा धरून राह्यले होते."